परक्या गावी भाषेची तालीम

कॅनडात नव्याने उतरलेल्या माणसाला भाषेचा पहिला धडा हवामान शिकवतं. ‘विंड चिल’, ‘फ्रीझिंग रेन’, ‘फ्लरीज’ हे शब्द पहिल्याच हिवाळ्यात कानांवर येऊन आदळतात. पुण्याहून किंवा नाशिकहून गेलेल्याला ‘स्नो’ ठाऊक असतो. पण ‘फ्लरीज’ म्हणजे नुसता भुरभुरणारा बर्फ आणि ‘ब्लॅक आइस’ म्हणजे डांबरावर बसलेला, डोळ्यांना न दिसणारा बर्फाचा पापुद्रा, हे तिथे राहू लागल्यावरच कळतं. हा दुसरा शब्द वेळेवर कळला नाही, तर हाड मोडतं.

आणि आश्चर्य असं, की यंत्राने भाषांतराचं काम रोजच्या रोज, वर्षानुवर्षं केलं, तेही सुरुवातीला याच देशात आणि याच विषयावर. 1969 साली कॅनडात इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषांना कायद्याने राजभाषेचा समान दर्जा मिळाला. मग हवामानाचे अंदाज दोन्ही भाषांत देणं आलं. रोज तीच वाक्यं, तेच वारे, तेच ढग; भाषांतरकार कंटाळून नोकरी सोडून जायचे. माँट्रियल विद्यापीठातल्या एका गटाने यासाठी ‘मेटिओ’ नावाची प्रणाली बांधली. ती 1977 मध्ये कामाला लागली आणि पुढे सुधारत सुधारत 2001 पर्यंत हवामानाचे अंदाज इंग्रजीतून फ्रेंचमध्ये नेत राहिली. तिचं जग फार लहान होतं, मोजके शब्द आणि ठरावीक साचे. म्हणूनच ती चालली. तिला घरभाड्याचा करार दिला असता, तर ती पहिल्याच ओळीला अडली असती.

आज तोच करार फोनमधलं यंत्र वाचून दाखवतं, सोपा करून सांगतं आणि त्यावर प्रश्न विचारले तर उत्तरंही देतं. हवामानाच्या अंदाजापासून इथपर्यंतचा रस्ता कसा कापला गेला हे पाहिलं, की एक गोष्ट मनात ठसते. हे यंत्र जन्माला आलं तेच दोन भाषांच्या उंबरठ्यावर, आणि परदेशी स्थायिक होऊ पाहणारा माणूस नेमका त्याच उंबरठ्यावर उभा असतो.

या रस्त्यावरचा पुढचा टप्पाही कॅनडानेच पुरवला. तिथल्या संसदेतलं कामकाज इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत छापलं जातं. त्याला ‘हॅन्सार्ड’ म्हणतात. 1980 च्या दशकाच्या अखेरीला आयबीएमच्या संशोधकांनी या नोंदींमधल्या लाखो वाक्यांच्या जोड्या संगणकाला दिल्या. व्याकरणाचा एकही नियम शिकवला नाही. कोणत्या इंग्रजी शब्दासमोर कोणता फ्रेंच शब्द किती वेळा येतो, एवढंच संगणकाने मोजायचं होतं. खासदारांच्या भाषणांतून, निव्वळ मोजणीतून भाषांतर उभं राहिलं.

तिसरा टप्पा पुन्हा माँट्रियलचा. 2014 पर्यंत संगणकातली कृत्रिम मज्जाजाळी वाक्य वाचायची, त्याचा सगळा अर्थ आकड्यांच्या एका पुडीत बांधायची आणि ती पुडी सोडून दुसऱ्या भाषेत वाक्य लिहायची. वाक्य लांब असलं की पुडीतून अर्थ सांडायचा. त्या वर्षी द्झ्मित्री बाहदानाउ, क्युंगह्युन चो आणि योशुआ बेंजिओ या तिघांनी एक युक्ती मांडली. प्रत्येक शब्द लिहिताना यंत्राने मूळ वाक्याकडे पुन्हा वळून पाहावं, आणि त्या क्षणी कुठल्या शब्दाकडे जास्त लक्ष द्यायचं ते स्वतःच ठरवावं. या युक्तीला ‘अटेन्शन’ म्हणजे अवधान हे नाव पडलं. पहिला बेलारूसचा, दुसरा दक्षिण कोरियाचा, तिसऱ्याचा जन्म पॅरिसचा. भाषांतराचं हे कोडं सोडवणारे तिघेही दुसऱ्या देशांत जन्मून माँट्रियलला आलेले होते.

अवधान म्हणजे काय, ते मराठीत छान दिसतं. ही दोन वाक्यं पाहा. ‘आईने बाळाला दूध पाजलं नाही, कारण ते झोपलं होतं.’ आणि ‘आईने बाळाला दूध पाजलं नाही, कारण ते गरम होतं.’ ‘कारण ते’ इथपर्यंत दोन्ही वाक्यं अक्षरन् अक्षर सारखी आहेत. बाळही नपुंसकलिंगी, दूधही नपुंसकलिंगी, त्यामुळे ‘ते’ कोण हे व्याकरण सांगू शकत नाही. आपण मात्र क्षणही न थांबता ओळखतो, की झोपलं ते बाळ आणि गरम ते दूध. यंत्रात हेच काम अवधान करतं. ‘ते’चा अर्थ लावताना ‘झोपलं’ हा शब्द समोर असेल तर ‘बाळ’ या शब्दाचं पारडं जड होतं, ‘गरम’ असेल तर ‘दूध’चं. 2017 साली गूगलमधल्या आठ संशोधकांनी ‘ट्रान्सफॉर्मर’ ही रचना मांडली, ती सगळी या अवधानावर उभी आहे. त्या आठांमधल्या निकी परमार यांचं अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्याच्या पीआयसीटी महाविद्यालयातलं. ट्रान्सफॉर्मरची पहिली परीक्षाही भाषांतराचीच होती, इंग्रजीतून जर्मन आणि इंग्रजीतून फ्रेंच. 30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी लोकांसमोर आलं, ते याच रचनेवर.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं सर्वांत मोलाचं ठरू शकतं, त्यांच्या वर्गात जाऊ.

कॅनडात 2021 च्या जनगणनेत 83 लाखांहून अधिक, म्हणजे दर शंभरातले 23 लोक बाहेरून येऊन स्थायिक झालेले होते. 1867 मध्ये हा देश संघराज्य म्हणून उभा राहिल्यापासूनचं हे सर्वांत मोठं प्रमाण. या लोकांसाठी 1992 पासून केंद्र सरकारच्या खर्चाने ‘लिंक’ नावाचे इंग्रजीचे वर्ग चालतात. कायमच्या निवासाचा परवाना मिळालेल्यांना आणि आश्रय मंजूर झालेल्या निर्वासितांना ते मोफत असतात. भाषा किती येते हे मोजायला ‘कॅनेडियन लँग्वेज बेंचमार्क्स’ या 12 पायऱ्या आहेत. 18 ते 54 वर्षांच्या अर्जदाराला नागरिकत्वासाठी बोलण्यात आणि ऐकण्यात चौथी पायरी गाठावी लागते. पायरी ठरते ती प्रत्यक्ष जमणाऱ्या कामांवरून. मूल आजारी असल्याचं शाळेला फोनवर कळवता येतं का, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना समजतात का, घरमालकाला दुरुस्तीसाठी चिठ्ठी लिहिता येते का.

अशा एका वर्गाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. एका बाकावर सीरियातला औषधनिर्माता, शेजारी एरिट्रियातली तिग्रिन्या बोलणारी आई, पलीकडे युक्रेनची हिशेबनीस, आणि कोपऱ्यात एक अफगाण आजी, जिने आयुष्यात कधी पेन्सिल धरलेली नाही. शिक्षिका एक, तास एक, पायऱ्या चार. छापील पुस्तक यातल्या एकालाच बेताचं होतं. त्यामुळे या शिक्षिकांची रात्र स्वतःचे कागद तयार करण्यात जाते.

इथे यंत्र पहिल्यांदा खरंखुरं उपयोगी पडतं. इमारतीच्या दारावर चिकटवलेली एक नोटीस घ्या. तिची भाषा आपल्या सरकारी मराठीत सांगायची तर अशी असते: ‘दुरुस्तीच्या कारणास्तव मंगळवारी सकाळी 9 ते दुपारी 4 या वेळेत जलपुरवठा तात्पुरता खंडित राहील, रहिवाशांस होणाऱ्या गैरसोयीबद्दल व्यवस्थापन दिलगीर आहे.’ शिक्षिका ही नोटीस यंत्राला देते आणि सांगते, दुसऱ्या पायरीच्या माणसासाठी लिही. काही सेकंदांत उत्तर येतं: ‘मंगळवारी पाणी येणार नाही. सकाळी 9 ते दुपारी 4. सोमवारी रात्री पाणी भरून ठेवा.’ मग चौथ्या पायरीसाठी, मग सहाव्या, मग त्यावर पाच प्रश्न, मग मालकाला करायच्या फोनचा संवाद. दोन तासांचं काम दहा मिनिटांवर येतं, आणि वाचलेला वेळ त्या अफगाण आजीच्या बोटांत पेन्सिल बसवायला मिळतो.

पण ते उत्तर पुन्हा एकदा वाचा. ‘सोमवारी रात्री पाणी भरून ठेवा’ हे वाक्य मूळ नोटिशीत नाहीच. सल्ला शहाणपणाचा आहे, पण तो यंत्राने आपल्या मनाने घातला आहे. यंत्र शब्दामागून शब्द जुळवतं तेव्हा इथे काय शोभून दिसेल हे ते पाहतं. मुळात काय लिहिलं होतं याला ते बांधलेलं नसतं. पाण्याच्या नोटिशीत हे खपून जातं. तीच सवय अर्जाच्या शेवटच्या तारखेबाबत झाली, तर एका कुटुंबाचं सगळं गणित कोसळेल. म्हणून यंत्राने लिहिलेली प्रत्येक ओळ शिक्षिकेच्या नजरेखालून जाणं, हा या कामातला पहिला नियम.

दुसरा उपयोग मला याहून मोठा वाटतो. मोठ्या वयात भाषा शिकणाऱ्याचा खरा शत्रू व्याकरण नसतं, लाज असते. आपल्या गावी ज्याच्या शब्दाला वजन होतं, असा माणूस परक्या देशात औषधाच्या दुकानात दोन वाक्यं बोलताना घामाघूम होतो. समोरचा ‘काय?’ म्हणाला की तो गप्प होतो, आणि पुढच्या वेळी मुलाला सोबत नेतो. मग आईवडिलांचा दुभाषा होण्याचं ओझं दहा वर्षांच्या मुलावर पडतं. यंत्रासमोर ही लाज गळून पडते. ‘तू शाळेच्या ऑफिसातली बाई हो, मी मुलाची आई आहे, हळू बोल,’ असं सांगितलं की ते ती भूमिका घेतं. अकराव्यांदा तेच वाक्य चुकलं तरी त्याचा आवाज चढत नाही. नाटकवाले तालमीला जे स्थान देतात, ते नव्या भाषेत जगू पाहणाऱ्याला इथे पहिल्यांदाच घरबसल्या, रात्री अकरालाही मिळतं.

या तालमीत मातृभाषेतून कारण समजून घेता येतं, हे तर फारच मोलाचं. मराठी माणूस ‘फॉर्म द्या’ म्हणतो तेव्हा त्याने आदर दाखवलेलाच असतो. तो ‘दे’ऐवजी ‘द्या’मध्ये, क्रियापदाच्या शेवटात असतो. हेच वाक्य इंग्रजीत ‘गिव्ह मी द फॉर्म’ झालं की आदर वाटेतच गळून जातो आणि मागे हुकूम उरतो. काउंटरवरची व्यक्ती तुटक वागते आणि आपलं काय चुकलं ते बोलणाऱ्याला उमगत नाही. इंग्रजी आपला आदर ‘कुड आय’, ‘वुड यू माइंड’ अशा प्रश्नांत ठेवते. ‘मी उद्धट वाटलो का? का वाटलो? मराठीत सांग,’ असं यंत्राला विचारलं, तर ते ही गाठ नेमकी सोडवून दाखवतं. वीस भाषांच्या वर्गात एका शिक्षिकेला प्रत्येकाच्या मातृभाषेतून हे सांगता येणं अशक्य आहे.

तालमीची मर्यादाही तालमीतच आहे. यंत्र फार समजूतदार श्रोता आहे. मोडक्या, अर्ध्या वाक्यातूनही बोलणाऱ्याला काय म्हणायचं होतं हे ते अचूक हेरतं. खरा कारकून ते हेरत नाही. त्याच्यामागे गोंगाट असतो, त्याचा स्वतःचा हेल असतो, आणि तो मधेच तोडतो. फक्त यंत्राशीच बोलत राहिलं, तर आपलं बोलणं कळतंय असा खोटा भरवसा वाढू शकतो. तालमीनंतर प्रयोग लागलाच पाहिजे.

काही चुका मात्र याहून गंभीर आहेत, आणि त्या नव्याने आलेल्यांच्याच वाट्याला जास्त येतात. बोलणं ऐकून लिहून काढणारं ‘व्हिस्पर’ हे यंत्र 6,80,000 तासांच्या आवाजावर शिकलेलं आहे. 2024 मध्ये अमेरिकी संशोधकांनी तपासलं, तेव्हा सुमारे एक टक्का ध्वनिमुद्रणांत त्याने कुणी न उच्चारलेली वाक्यं रचून घातलेली सापडली. बोलण्यात शांततेच्या जागा जास्त असल्या, की हे जास्त घडत होतं. नवी भाषा बोलणारा शब्द शोधत किती वेळा थांबतो, याचा विचार केला की पोटात गोळा येतो. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ‘हा मजकूर यंत्राने लिहिला आहे का’ हे ओळखण्याचा दावा करणारी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले 91 निबंध त्यांना दिले. सरासरी 61 टक्के वेळा निकाल आला, की हे यंत्राने लिहिलं. शिकाऊ माणसाचे शब्द मोजके आणि वाक्यं साधी असतात, एवढाच त्याचा गुन्हा. अशा साधनावर विसंबून कुणा विद्यार्थ्यावर लबाडीचा ठपका ठेवणं हा निव्वळ अन्याय आहे.

भाषांमधली विषमताही यंत्रात उतरली आहे. संगणकात ‘स्कूल’ हा इंग्रजी शब्द सहा बाइटांत मावतो. आपला ‘शाळा’ हा शब्द बारा बाइट घेतो, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. शिवाय इंग्रजी मजकूर जाळ्यावर अफाट असल्याने इंग्रजी शब्द यंत्राला सबंध ओळखीचे असतात; दुर्मीळ भाषांचे शब्द ते तुकडे करून वाचतं. रोहिंग्या भाषेच्या हनिफी लिपीला संगणकाच्या जागतिक लिपीकोशात जागाच मिळाली ती 2018 मध्ये. ज्या निर्वासिताला मदतीची सर्वांत जास्त गरज, त्याचीच भाषा यंत्राला सर्वांत कमी येते. आणि न येणाऱ्या भाषेतही ते तितक्याच आत्मविश्वासाने बोलतं.

म्हणूनच सेटलमेंट संस्थेतल्या कार्यकर्त्याची खुर्ची यंत्राला देता येणार नाही. घर, डॉक्टर, शाळा, नोकरी यांचे रस्ते दाखवणारा हा माणूस असतो, आणि पुष्कळदा तो स्वतः कधीतरी त्याच वाटेने आलेला असतो. इंग्रजीतला ‘वुई’ मराठीत आणायचा, तर ‘आम्ही’ की ‘आपण’ हे ठरवावं लागतं. ऐकणाऱ्याला धरून की वगळून? जाणता दुभाषा थांबून विचारतो. यंत्रही विचारू शकतं, पण बहुधा न विचारता एक निवडून पुढे जातं. निर्वासिताच्या जबानीत एवढ्या फरकाने सोबत कोण होतं आणि कोण नव्हतं हे बदलू शकतं. शिवाय ती जबानी, ती नावं, मागे राहिलेल्या नातेवाइकांचे पत्ते कुठल्याही उघड्या यंत्रात टाकण्याची गोष्ट नव्हे. कॅनडा सरकारने सप्टेंबर 2023 मध्ये आपल्या खात्यांसाठी या यंत्रांची मार्गदर्शिका काढली, तिच्यात सुरक्षितता आणि उत्तरदायित्व ही तत्त्वं आहेत. फेब्रुवारी 2024 मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या एका न्यायाधिकरणाने तर रोखठोक निकाल दिला. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने आजी वारलेल्या प्रवाशाला सवलतीच्या तिकिटाबद्दल चुकीची माहिती दिली होती. बॉट आपल्या बोलण्याला स्वतःच जबाबदार आहे, अशा अर्थाचा बचाव कंपनीने केला. न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली. यंत्र जिच्या दारात बसवलं आहे, उत्तर त्या संस्थेनेच द्यायचं.

या सगळ्याशी मराठी घरांचं नातं थेट आहे. मुलगा किंवा मुलगी टोरांटो, ब्रॅम्प्टन किंवा कॅल्गरीला, आणि आईवडील सुपर व्हिसावर काही वर्षं तिकडे, हे आता आपल्या ओळखीचं चित्र आहे. सुपर व्हिसा म्हणजे पाहुण्याचाच परवाना. तो असलेल्यांना लिंकच्या मोफत वर्गात प्रवेश नसतो. दिवसभर घरात, बाहेर बर्फ, मुलं कामावर, आणि इंग्रजी बोलायची धास्ती. त्यांच्यासाठी फोनमधली ही तालीम खरोखर दार उघडणारी ठरू शकते. गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात इंग्रजी संभाषणाचं मंडळ भरतं का, तेही विचारून घ्यावं. अनेक ठिकाणी ते मोफत असतं आणि तिथे माणसं भेटतात.

तुमचं कुणी तिकडे असेल, तर एवढं करा. आईला फोन हातात द्या आणि एकच काम निवडा: औषधाच्या दुकानात जाऊन गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर, हे विचारणं. आधी मराठीत बोलून वाक्यं ठरवू द्या, मग यंत्राला दुकानदार करून दहा वेळा म्हणू द्या. नाव, आजार, कार्डाचा नंबर त्यात घालू नका. गोळीबद्दल यंत्र काही सांगू लागलं तर ते सोडून द्या. ते उत्तर दुकानदाराचंच घ्यायचं. दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत दुकानात जा, एक पाऊल मागे उभे राहा, आणि तिला बोलू द्या.